आधी सुई, मग कर्णा : तबकडी ऐकण्याच्या क्रमाविषयी एक भांडण

१/
गेल्या काही वर्षांत तबकड्या पुन्हा घराघरांत परतल्या आहेत. पुण्या-मुंबईत तर परतल्याच. सांगली, मिरज, कऱ्हाड, वाई, सातारा इथल्या माळ्यांवरच्या ट्रंकाही उघडू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट. दुःखाची गोष्ट अशी की ट्रंक उघडताच पहिला प्रश्न येतो तो “स्पीकर कोणते घेऊ?” हा; किंवा त्याहून वाईट, “पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन कुठे मिळेल?” हा. आजच्या धाग्यात मी या प्रश्नांच्या क्रमाशी भांडणार आहे.

२/
माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तबकडी वाजवण्याची यंत्रणा उभारताना काळजीचा क्रम असा असावा : पहिली तबकडी, दुसरी सुई, तिसरी गती, चौथा अँप्लिफायर, पाचवे स्पीकर. बाजार हा क्रम नेमका उलटा शिकवतो, कारण स्पीकर दिवाणखान्यात दिसतो आणि सुई दिसत नाही. हा निव्वळ हौसेचा प्रश्न असता तर मी धागा लिहिला नसता. हा इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे, म्हणून लिहितो आहे.

३/
मराठीत ‘साधन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : उपकरण, आणि इतिहासाचा मूळ पुरावा. दुसरा अर्थ रूढ करण्यात सातारा जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. वाईला सापडलेल्या कागदांतून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. द. ब. पारसनीसांनी आपला प्रचंड संग्रह साताऱ्यातच जमवला. कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी वाचवला पाहिजे, अर्थ लावण्याचे काम त्यानंतर, ही शिस्त या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वी रुजली. तबकडी हेही असेच साधन आहे. वाळवीची जागा इथे सुईने घेतली आहे, एवढाच फरक.

४/
कुणाचे साधन? आपल्या दाराशी असलेले उदाहरण घेऊ. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळ कोविल या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, आणि दफन मिरजेस, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. त्यांची कबर आपण जपली, तिथे दरवर्षी संगीतसभाही भरते. पण खाँसाहेबांचा गळा त्या कबरीत नाही. तो लाखेच्या काळ्या तबकड्यांत आहे : काही विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या, काही १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या.

५/
तबकडी नसती तर काय झाले असते, हे पाहायला फार लांब जायला नको. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ आणि गायनाचार्य भास्करबुवा बखले या दोन महापुरुषांचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी आपल्याकडे आठवणी आहेत, आख्यायिका आहेत, शिष्यपरंपरा आहे, स्वर नाही. उलट भीमसेन जोशी स्वतः सांगत असत की लहानपणी दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकून आपल्याला गाण्याचे वेड लागले. तीन मिनिटांच्या एका तबकडीने एक गायक घडवला. एवढे वजन असलेले साधन आपण कोणत्या सुईखाली ठेवतो, हा प्रश्न विचारायला नको?

६/
आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. नाहीतर हा सगळा उपदेश ठरेल. माझे आजोबा साताऱ्यात शाळामास्तर होते. त्यांच्या तबकड्यांची ट्रंक आत्याकडे, सांगलीच्या गावभागात होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आत्याच्या घराचा तळमजला बुडाला आणि ट्रंकही बुडाली. पाणी ओसरल्यावर कागदी पाकिटांचा लगदा झाला होता आणि बऱ्याच तबकड्यांवरचे लेबल सुटून आले होते. पण तबकड्या शाबूत होत्या. लाख पाण्याला एवढ्यात हार मानत नाही. आम्ही त्या फडक्याने पुसल्या आणि सुटलो असे समजलो.

७/
त्या दिवाळीत आतेभावाने घराच्या शोभेसाठी पितळी कर्ण्याचा एक नवा ग्रामोफोन आणला. संध्याकाळी सगळे जमलो. एकच तबकडी आम्ही चार वेळा लावली. मध्येच आत्या म्हणाली, “अरे, बाबा प्रत्येक बाजूला सुई बदलायचे. सुयांची डबीच असायची त्यांच्याजवळ. तू नाही का बदलत?” मी म्हणालो, “आत्या, ती जुनी पद्धत गं. आता तसं काही लागत नाही.” मी तेव्हा इतिहासाचा पदवीचा विद्यार्थी होतो. साक्षीदार समोर बसून साक्ष देत होता, आणि मी ती उडवून लावली.

८/
चौथ्या वेळी तारसप्तकातली तान ऐकूच आली नाही. नुसती खरखर उमटली. तबकडी उजेडात धरली तर काळ्याभोर पृष्ठावर करड्या रंगाचा पट्टा दिसला. तो पट्टा म्हणजे झिजलेल्या खाचा. पूर आठवडाभर घरात राहून जे करू शकला नव्हता, ते मी एका संध्याकाळी करून दाखवले. स्पीकर नव्हतेच, त्यामुळे दोष त्यांना देण्याचीही सोय नव्हती.

९/
हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी मुद्दाम मिसळलेली असे. ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमहून अधिक. पोलादी सुई खाचेत उतरली की पहिल्या काही फेऱ्यांतच ती भुकटी सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणजे सुई झिजावी आणि तबकडी वाचावी, हीच मूळ योजना होती. एका बाजूचे तीन मिनिटांचे गाणे संपेपर्यंत सुईच्या टोकाला धारदार कडा आलेल्या असत. तीच सुई पुन्हा लावली की ती छिन्नीसारखी चालते. आमच्या तबकडीत तर कृष्णेचा गाळही भरलेला होता.

१०/
म्हणून ‘एक बाजू, एक सुई’ हा कंजूषपणाच्या विरुद्ध असलेला नियम त्या काळच्या प्रत्येक शहाण्या घरात पाळला जाई. आजोबांची डबी ही हौस नव्हती. तो यंत्रणेचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता. कर्णा मोठा की लहान, पितळी की लाकडी, या गोष्टी त्यानंतरच्या. आज शोभेच्या बाजारात मिळणारा नवा कर्णा आपल्याला नेमका हा भाग विसरायला लावतो. तो विकत घेणाऱ्याला कर्णा मिळतो आणि सुईविषयीचे ज्ञान मिळत नाही.

११/
“पण आमच्याकडे व्हिनाइलच्या एलपी आहेत, लाखेच्या नाहीत,” असे म्हणणाऱ्यांसाठी. व्हिनाइलची एलपी १९४८ साली अमेरिकेत आली. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ती दिसू लागली, आणि ७८ च्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत तिच्या शेजारी निघत राहिल्या. त्यामुळे आपल्याकडच्या एकाच ट्रंकेत दोन्ही सापडतात. व्हिनाइल लाखेहून मऊ आहे आणि तिच्यात सुईला घासणारी भुकटी नाही. शोभेच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर एकदा जरी फिरली, तरी नाट्यगीतांची ती एलपी पूर्वीची राहत नाही. हा प्रयोग घरी करू नका. दुसऱ्याच्या घरी तर मुळीच करू नका.

१२/
दोन्हींच्या खाचांची मापेही वेगळी आहेत. ७८ च्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७६ मायक्रॉन लागते. एलपीच्या साध्या गोल टोकाच्या सुईची सुमारे १८ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत टाकली तर ती तळाला घासत जाते, आणि तळाशी धुळीवाचून काही नसते. मग लोक म्हणतात, “जुन्या तबकड्यांत खरखर फार.” खरखर आपण निवडलेल्या सुईची असते, बदनामी मात्र खाँसाहेबांच्या तबकडीची होते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवणे म्हणजे पायवाटेवरून ट्रॅक्टर नेणे.

१३/
तिसरी गोष्ट भाराची. चांगल्या टर्नटेबलला पाठीमागे तोलाचे वजन असलेला टोनआर्म असतो, आणि सुईचा भार एलपीसाठी दीड ते दोन ग्रॅमपर्यंत नेमका ठेवता येतो. ७८ साठी साधारण तीन ते पाच ग्रॅम. सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त यंत्रांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. तिथला भार पाच-सहा ग्रॅमच्या घरात जातो आणि तो कमी-जास्त करण्याची सोयच नसते. अशा यंत्रातून तारेने मोठे स्पीकर जोडले की आवाज मोठा होतो. झीज तेवढीच होत राहते. ती आता अधिक मोठ्याने ऐकू येते, इतकेच.

१४/
सुईनंतर गती. इथे मला सांगलीच्या एका विस्मृत माणसाला साक्षीला बोलवायचे आहे : कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. स्वरांमधली अंतरे त्यांनी गणिताने मांडली, आणि या कामात गळा वापरला तो अब्दुल करीम खाँचा. पुढे मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना मिळाले. या मांडणीप्रमाणे श्रुती वाजवणारी पेटीही लंडनमध्ये घडवून घेण्यात आली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला.

१५/
देवलांचा सिद्धान्त बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. पंडित भातखंड्यांना तो मान्य नव्हता, आणि त्या वादावर स्वतंत्र धागा होईल. मला त्यांच्या गणितातले एकच अंतर हवे आहे : ८१ ला ८०. दोन गांधारांमधला, दोन धैवतांमधला तो सूक्ष्म भेद. टक्केवारीत सांगायचे तर सव्वा टक्का. एवढ्याशा अंतरासाठी सांगलीच्या एका माणसाने आयुष्याची उतरती वर्षे खर्च केली, पेटी घडवली, परिषदा गाजवल्या.

१६/
आता टर्नटेबलकडे या. तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेरे फिरली, तर सगळा आवाज किती चढतो? एकोणऐंशी भागिले अठ्ठ्याहत्तर : सुमारे सव्वा टक्का. म्हणजे देवलांची ती एक श्रुती. मिनिटाला एका फेऱ्याची चूक, आणि ज्या अंतरासाठी हा सगळा वाद झाला ते अंतर आपण नकळत ओलांडलेले असते. ८२ वर पोचलात की जवळजवळ एक अर्धस्वर गेला : खाँसाहेबांची पट्टी बदलली, लय बदलली, आधीच बारीक असलेला आवाज आणखी बारीक झाला. ही चूक कोणता स्पीकर दुरुस्त करतो, हे स्पीकरवाल्यांनी मला सांगावे.

१७/
इथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे : “गती एकसारखीच जास्त असेल तर सगळे स्वर एकाच प्रमाणात चढतील. स्वरांमधली अंतरे तशीच राहतील, मग श्रुती कुठे बिघडली?” बरोबर. स्थिर चुकीने राग बिघडत नाही. पट्टी, लय आणि कंठाचा पोत बिघडतो. राग बिघडतो तो गती डळमळली की. मोटर, पट्टा किंवा धुरा सदोष असला की एकाच तानेतला षड्ज कधी वर, कधी खाली जातो. मागचा तंबोरासुद्धा त्याच्याबरोबर झोके घेतो. ज्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडले, त्या मिरजेच्या माणसाला हे कसे ऐकवते?

१८/
डळमळीचे एक कारण तबकडीतच असते. मधले भोक अर्धा मिलिमीटर जरी केंद्रापासून सरकलेले असेल, तरी आतल्या, साठ मिलिमीटर त्रिज्येच्या खाचेवर स्वर पाऊण टक्क्याहून अधिक वर आणि तितकाच खाली झुलतो. दोन्ही टोके मिळून एका श्रुतीहून जास्त. एलपीवर हा झोका दर १.८ सेकंदांनी येतो, कारण ३३⅓ गतीला एक फेरा तेवढा वेळ घेतो. विलंबित ख्यालातला लांबवलेला षड्ज ऐकताना तो लपत नाही. बाहेरच्या कडेजवळ तीच चूक निम्म्याहून कमी जाणवते. म्हणून बाजू संपत येते तसा गायक बेसूर झाल्यासारखा वाटला, तर गायकाला दोष देण्याआधी भोक तपासा.

१९/
गती तपासायला हजारो रुपये लागत नाहीत. कागदावर छापलेली ठोक्यांची चकती पुरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. ३३⅓ साठी १८० रेघांची आणि ७८ साठी ७७ रेघांची चकती तबकावर ठेवावी. रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या की गती बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांत हे दिसत नाही, तेवढे ध्यानात ठेवावे. आणि टर्नटेबल घेण्याआधी त्यात ७८ ची सोय आहे का, ते विचारावे; आजच्या पुष्कळ यंत्रांत फक्त ३३ आणि ४५ असते.

२०/
त्यात एक ऐतिहासिक गुंता आहे. ‘७८’ हा आकडा नंतर पक्का झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात भारतातली पहिली मोठी ध्वनिमुद्रणे केली. त्यानंतरची काही वर्षे तबकड्या सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही गतीने मुद्रित होत. त्यामुळे जुनी तबकडी वाजवणाऱ्याला गती थोडी कमी-जास्त करणारा खटका लागतो. कोणती गती खरी, हे ठरवताना गायकाची नेहमीची पट्टी, साथीच्या पेटीचा सूर, एकाच बैठकीतल्या इतर तबकड्या असे पुरावे जुळवावे लागतात. कागदपत्रांतल्या तिथीचा निर्णय आपण असाच करतो. हेही साधनचिकित्सेचेच काम आहे.

२१/
आता विरुद्ध पक्षाची बाजू तिच्या पूर्ण ताकदीने मांडतो. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतला छोटा पण खोल आवाजाचा स्पीकर आणला, आणि तेव्हापासून एक मोठा अभियंता-वर्ग सांगत आला आहे की साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा स्पीकरच आहे. मोजमाप केले तर विकृती सर्वाधिक तिथेच सापडते, आणि खोलीच्या भिंती तिच्यात भर घालतात. हे खोटे नाही. पण त्याच व्हिलचरांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी एक साधे, स्थिर, स्वस्त टर्नटेबलही काढले, हे त्यांचे अनुयायी सांगायला विसरतात.

२२/
दुसरा पंथ स्कॉटलंडमधला. १९७० च्या दशकात ग्लासगोच्या आयव्हर टीफेनब्रुन यांनी आपल्या टर्नटेबलच्या जोरावर ‘उगम आधी’ असा घोष केला : खाचेतून जे निसटले ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. तर्क बिनतोड आहे. पण तो मांडणारा टर्नटेबलच विकत होता, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवले पाहिजे. या पंथातून पुढे टर्नटेबलांच्या किमती आकाशाला भिडल्या, आणि ‘आधी सुई’ या साध्या गोष्टीचे श्रीमंतांचे कर्मकांड झाले. मला त्या मठातही जायचे नाही.

२३/
माझी कसोटी तिसरी आहे : चूक दुरुस्त होण्याजोगी आहे का? वाईट स्पीकरने आज गाणे वाईट ऐकू येईल. उद्या चांगला आणला की तेच गाणे चांगले ऐकू येईल. तबकडीला काही झालेले नाही. गती चुकली तर ऐकणे बिघडेल, नक्कल बिघडेल. मूळ शाबूत राहील. सुई चुकली तर मात्र मूळच जाते, आणि ते कायमचे. म्हणून सुई गतीच्या आधी आणि गती स्पीकरच्या आधी. कोणता भाग आवाजात किती भर घालतो, या वादात दोन्ही पंथ पन्नास वर्षे अडकले. कोणता भाग नुकसान करू शकतो, हे विचारले असते तर वाद एका दुपारी मिटला असता.

२४/
“सगळे आता इंटरनेटवर आहे, जुनी तबकडी हवी कशाला?” हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. इंटरनेटवर जे आहे ते कुणीतरी, कुठल्यातरी सुईने, कुठल्यातरी गतीने केलेली नक्कल आहे. एकाच तबकडीच्या दोन नकला शेजारी लावून तंबोऱ्याचा षड्ज जुळतो का, ते स्वतः तपासा. कागदाची छापील नक्कल उपलब्ध आहे म्हणून मूळ मोडी पत्र रद्दीत घालावे, असे वाईतल्या किंवा साताऱ्यातल्या कुणाला सुचवून पाहा. शिवाय प्रत्येक तबकडी इंटरनेटवर पोचलेली आहे, असे समजणे हा फारच मोठा भरवसा झाला.

२५/
“हे पैसेवाल्यांचे खेळ,” हा दुसरा आक्षेप. उलट, कमी पैशांत हाच क्रम परवडतो. समजा तुमच्याकडे शंभर रुपये आहेत. माझ्या मते पाच तबकड्यांच्या सफाईवर आणि पाकिटांवर, पंचवीस कार्ट्रिज आणि सुईवर, चाळीस स्थिर गतीच्या आणि भार नेमका ठेवता येणाऱ्या टर्नटेबलवर, दहा फोनो प्रीअँपवर, उरलेले वीस बाकी सगळ्यावर. त्या विसात घरातला जुना अँप्लिफायर, जुने स्पीकर, नाहीतर साधा हेडफोन चालेल. दुसऱ्या वर्षी बोनस मिळाला की स्पीकर बदला. शेवटचा दुवा थांबू शकतो. पहिला थांबू शकत नाही.

२६/
सफाईविषयी स्पष्ट सांगतो, कारण इथे चांगल्या मनाची माणसे सर्वाधिक नुकसान करतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा कोणतेही अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, आणि खाचांच्या दिशेनेच हात. लेबल कोरडे ठेवा. तडा गेलेली तबकडी भिजवू नका. लगेच मऊ कापडाने टिपा. मग नव्या पाकिटात, उभी, उन्हापासून दूर. पुरात भिजलेली तबकडी गाळ निघेपर्यंत कोणत्याही सुईखाली घालू नका. हे मला २०१९ मध्ये कुणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे, सांगितले होते; मी ऐकले नव्हते.

२७/
पुढच्या दुव्यांवर थोडक्यात. चांगल्या कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्‌ संकेत काही मिलिव्होल्टचा असतो; तो वाढवायला आणि समतोल करायला फोनो प्रीअँप लागतो. तो साध्या इनपुटला थेट जोडला तर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो, आणि लोक सुई बदलायला धावतात. एलपीसाठीचा समतोल १९५४ च्या सुमारास अमेरिकेत ठरला आणि पुढे जगभर रूढ झाला. ७८ च्या तबकड्यांचे समतोल कंपनीगणिक वेगळे होते. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावर ठेवू नका, त्याची थरथर सुईपर्यंत पोचते. एवढे पाळले तर साधे स्पीकरही तुम्हाला फसवणार नाहीत.

२८/
शेवटी विनंती. सातारा, सांगली, मिरज, कऱ्हाड, वाई, औंध, जिथे कुठे माळ्यावर ट्रंक असेल, तिथे ती उघडा. पण लगेच वाजवू नका. आधी लेबलांचे फोटो काढा, लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे उतरवून घ्या, तबकड्या धुवा. मग योग्य मापाची सुई आणि नेमकी गती असलेल्या यंत्रावर प्रत्येक तबकडी एकदाच लावून तिची डिजिटल नक्कल करा. स्वतःचे यंत्र नसेल तर चारजणांत मिळून एक घ्या. त्यानंतर हौसेने ऐका, स्पीकर बदला, कर्णा आणा, फुले वाहा.

२९/
आमची ती करड्या पट्ट्याची तबकडी मी ठेवून दिली आहे. ती आता नीट वाजत नाही. तिच्याबरोबर ट्रंकेच्या तळाशी सुयांची एक गंजलेली पत्र्याची डबीही निघाली. परवा आत्याने ती मला दिली आणि म्हणाली, “घे, आता तरी वापर.” वापरण्याजोगी एकही सुई त्यात उरलेली नाही. डबी मात्र माझ्या टर्नटेबलशेजारी असते, आणि कुणी स्पीकरविषयी विचारले की मी आधी ती दाखवतो.